गाडी-नियंत्रण व रेल्वे रेडिओ (दौंड–मनमाड मार्ग)

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातून उभा जाणारा मध्य रेल्वेचा हा मार्ग १८७८ मध्ये खुला झाला. विसापूर, अहिल्यानगर, राहुरी, बेलापूर, पुणतांबा, कोपरगाव ही त्यावरील काही स्थानके. मार्ग दीर्घकाळ एकेरी होता. त्यामुळे कोणती गाडी कुठे थांबवून समोरच्या गाडीला वाट द्यायची, हाच इथल्या नियंत्रणाचा गाभा राहिला. हा निर्णय विभागीय नियंत्रण कार्यालयातील सेक्शन कंट्रोलर घेतो. तो एका ठरावीक पट्ट्यातील स्टेशन मास्तरांशी कंट्रोल फोनवर बोलतो आणि प्रत्येक गाडीची रेघ वेळ-अंतराच्या आलेखावर उमटते. पूर्वी ती हाताने ओढली जाई, आता संगणकावर दिसते. त्याच कार्यालयात इंजिनांच्या आणि वीजपुरवठ्याच्या नियंत्रणाची मेजे वेगळी असतात.

अमेरिकेत डिस्पॅचर (तिथला गाडी-नियंत्रक) अनेक मार्गांवर रेडिओवरूनच गाडीला पुढे जाण्याची परवानगी देतो. इथे तसे नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे: लाइन क्लिअर (गाडी पुढच्या स्थानकाकडे सोडण्याची संमती) स्टेशन मास्तर शेजारच्या स्थानकाकडून घेतो, लोको पायलट सिग्नल पाळतो. व्हीएचएफ वॉकी-टॉकी लोको पायलट, ट्रेन मॅनेजर (पूर्वीचा गार्ड) आणि स्टेशन मास्तर यांच्या संभाषणासाठी असतो. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील ५ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम मंजूर केला. त्यावर एलटीई (मोबाइल ब्रॉडबँड) संपर्कयंत्रणा उभारायची आहे.