पावली गेली, हिशोब राहिला

दमडी, पै, आणा ही नाणी आपल्या खिशातून केव्हाच गेली. भाषेतून मात्र गेली नाहीत. आजही माणूस पै पै जोडून घर बांधतो आणि खरी गोष्ट सोळा आणे खरी असते. नाणे गेले की शब्द मागे राहतो. शब्दाबरोबर आणखीही काही राहते, ते म्हणजे परत न मिळालेले सुटे पैसे. ते कोणाच्या पदरातून गेले, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

1 एप्रिल 1957 रोजी देशात दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे आणि पैशाच्या 3 पै असत. आता रुपयाचे 100 नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैसा कोण कसा देणार? म्हणून सरकारने कोष्टक दिले. जुना एक पैसा म्हणजे 2 नवे पैसे, अर्धा आणा म्हणजे 3, एक आणा म्हणजे 6, चार आणे म्हणजे 25. जुनी नाणीही काही काळ सोबत चालत होती. पण ज्याच्या हाती नवी नाणी आली, त्याला हे कोष्टक लागू झाले.

आता हिशोब पाहा. एकाने एका आण्याचे मीठ एकदम घेतले, त्याने 6 नवे पैसे दिले. दुसऱ्याने तेवढेच मीठ चार दिवसांत, रोज एका पैशाचे घेतले. त्याचे 8 गेले. मीठ तेवढेच, भाव तोच. ज्याच्याजवळ एकदम आणा नव्हता, त्याला ते महाग पडले.

हे मला मोलगीच्या बाजारात नेहमी आठवते. तेव्हाच्या पश्चिम खानदेशातले, आता नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले हे सातपुड्यातले गाव. आसपासच्या पाड्यांवरची माणसे आमचूर, चारोळी, मोहफुले घेऊन डोंगर उतरतात. माल विकून जे हाती येते, त्यातून मीठ, तेल, चहापूड घेतात. पुडी लहान असते, कारण हातातली रोकड लहान असते.

20 डिसेंबर 2010 च्या अधिसूचनेने सरकारने 25 पैसे आणि त्याखालची सारी नाणी परत बोलावली. 30 जून 2011 पासून ती बाद झाली. निर्णय अवाजवी नव्हता. महागाईने पावलीत काही येईनासे झाले होते. आठाण्याचे नाणे कायद्याने आजही बाद नाही. पण दुकानदार ते घेत नाही. म्हणजे व्यवहारात रुपयाखाली नाणेच उरले नाही. सुट्यांच्या जागी गोळी हातावर ठेवतात. तीच गोळी आपण दुकानदाराला पैसे म्हणून देऊ पाहिली, तर तो घेईल का?

महिन्याचा किराणा एकदाच भरणाऱ्याचे या पूर्णांकात फार तर रुपयाच्या आतले पैसे जातात. दिवसातून दोनदा पुडी बांधून घेणाऱ्याचे, दर वेळी आठ आणे गेले तर, महिन्याला 30 रुपये होतात. आमचूर विकतानाही वरचे पैसे सोडायला त्यालाच सांगितले, तर तोटा दोन्ही बाजूंनी. मोबाइलवरून पैसे देणारा पैशापर्यंत अचूक रक्कम देऊ शकतो. रोकडीवर जगणाऱ्याला ती सोय नाही.

कॅनडाने 4 फेब्रुवारी 2013 पासून आपल्या एक सेंटच्या नाण्याचे वितरण थांबवले. तेव्हा असे ठरले, की प्रत्येक वस्तूची किंमत नव्हे, तर रोखीच्या बिलाची एकूण बेरीजच जवळच्या पाच सेंटपर्यंत न्यावी. कधी वर, कधी खाली. आपल्याकडे ती बहुधा वरच जाते.

सव्वा रुपयाचा नवस दर्ग्यालाही असे आणि देवळालाही. पावली गेल्यावर तो सव्वा नाण्यांत देता येईना. देवाने आणि पिराने ते चालवून घेतले असेल. चुलीला तसे चालत नाही. आपल्या जुन्या बाजारात मापावर मूठभर वर घालण्याची रीत होती. सुटे नसले तर दुकानदाराने तेवढा चहा किंवा मीठ पुडीत वर घालावे. त्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची गरज नाही.