बंदुकीचा घोडा आणि घोड्यावरची बंदूक

मराठीत बंदुकीलाही घोडा असतो, हे मला मध्यंतरी आठवलं ते वायोमिंगमधल्या कोडी गावात. यलोस्टोनला जाताना बिगहॉर्नचे डोंगर ओलांडून आलो होतो, पोरं गाडीत कंटाळली होती, म्हणून तिथल्या बंदुकांच्या संग्रहालयात तासभर शिरलो. बाहेर पडलो तीन तासांनी, आणि तोवर कंटाळली होती बायको :)

शिकारीत मला काडीचा रस नाही. आमच्या घराण्यातलं शस्त्र म्हणजे आजोबांची ठासणीची बंदूक. कोकणातली मंडळी हे वाचतील तेव्हा त्यांना माजघरातली ती खुंटी नक्की आठवेल. रानडुकरं शिरली की आवाज काढायला तिचा उपयोग. एकदा उडवली की पुन्हा दारू ठासेपर्यंत डुक्कर पुढच्या गावात! त्यामुळे काचेपलीकडच्या त्या रांगा बघताना डोक्यात एकच प्रश्न आला: घोड्यावरून डोंगरात जाणारा माणूस यातली नेमकी कुठली उचलेल?

थिओडोर रूझवेल्टला (पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच) हा प्रश्न पडला होता. साल 1884. त्या वर्षी 14 फेब्रुवारीला, एकाच घरात, त्याची आई आणि बायको दोघीही गेल्या. मुलगी दोन दिवसांची. तिला बहिणीकडे सोपवून हा पंचविशीतला माणूस डाकोटातल्या आपल्या रँचवर गेला, आणि उन्हाळा सरताना बिगहॉर्नकडे निघाला. सामानाची गाडी पायथ्याशी ठेवायची, वर फक्त घोडे.

बंदुका त्याच्याकडे बऱ्याच होत्या. जड शार्प्स होती, एका वेळी एकच काडतूस घेणारी. बायसनचे कळप संपवले ते अशाच बंदुकांनी: टेकू देऊन, लांबून, सावकाश. पण खोगिरावर ते लोढणंच. त्यात रूझवेल्टची नजर अधू, चष्म्याशिवाय चालायचं नाही. आपण जेमतेम सामान्य नेमबाज आहोत असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. शिकारकथा लिहिणाऱ्यांत असा कबुली देणारा विरळा, नाही का?

त्याने निवडली 1876च्या मॉडेलची विंचेस्टर, 45-75. पहिला आकडा गोळीचा व्यास, इंचाच्या शंभराव्या भागांत. दुसरा काडतुसातली काळी दारू, ग्रेनमध्ये. नळीखाली आणखी एक नळी, तिच्यात काडतुसं एकामागे एक. लिव्हर खाली-वर केली की पुढचं हजर. नेम चुकला तरी दुसरी संधी असते, आणि अधू नजरेच्या माणसाला तीच हवी. सप्टेंबरात त्याने ग्रिझली अस्वल मारलं ते मात्र एकाच गोळीत, अगदी जवळून.

तरी तीही चार किलोच्या आसपास. घोड्याला खरी मानवली ती दहा वर्षांनी आलेली, ब्राउनिंगने घडवलेली 1894ची विंचेस्टर. 1895 मध्ये तिच्यासाठी बिनधुराच्या दारूचं 30-30 काडतूस आलं. कार्बाइनची नळी 20 इंच, वजन तीन किलोच्या जवळपास. दोन्ही बाजूंनी चपटी, त्यामुळे चामडी म्यानात घालून मांडीखाली अडकवली तर ना घोड्याच्या बरगडीला टोचत, ना आपल्या गुडघ्याला. बोल्टवाल्या रायफलीचा दांडा बाहेर येतो, तो टोचतो. शिवाय चालताना नळीत काडतूस ठेवायचंच नाही, उतरल्यावर एकदा लिव्हर मारली की झालं. ठेचकाळणाऱ्या घोड्यावर याचं मोल काय ते सांगायला नको. उणीवही आहे. काडतुसाचं टोक पुढच्याच्या बुडावर टेकलेलं, म्हणून गोळी चपट्या टोकाची लागते, आणि ती लांबवर जात नाही. पण झाडीत लांबवर दिसतं तरी काय? 2006 मध्ये न्यू हेवनचा कारखाना बंद झाला तोवर अशा 70 लाखांहून जास्त बंदुका निघाल्या होत्या.

म्हणजे बघा, निवड शिकाऱ्याची आहे असं आपल्याला वाटतं, पण दिवसभर ती बंदूक वाहतो घोडा. गोळी सुटते ती एखाद्या क्षणी, सुटलीच तर.

बिगहॉर्नमध्ये आता ग्रिझली नाहीत. रूझवेल्टनेच 1887 मध्ये मित्रांना जमवून शिकारीला नियम घालणारा बून अँड क्रॉकेट क्लब काढला. असो.

त्याचं शिकारीचं पुस्तक संग्रहालयाच्या दुकानातून घेतलं. कुठल्या कामाला कुठली बंदूक, हे त्यात मन लावून लिहिलंय. घरी येऊन त्याचं 1913चं आत्मचरित्रही चाळलं. पहिल्या बायकोचा त्यात उल्लेखच नाही. मुलीचं नाव आईचंच ठेवलं होतं, ॲलिस. त्या वर्षांत तिला तो 'बेबी ली' म्हणायचा.