कातळशिल्पे, कोकणातील

कोकणातील जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, म्हणजे सड्यांवर, जमिनीच्या पातळीतच कोरलेल्या प्राचीन आकृती. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत त्यांची संख्या मोठी आहे. काही ठिकाणी फक्त बाह्यरेषा खोदलेली असते, तर काही ठिकाणी आजूबाजूचा दगड कोरून काढून आकृतीला उठाव दिलेला असतो. हत्ती, वाघ, गेंडा, हरिण, रानडुक्कर, मासे, कासव, मनुष्याकृती आणि उलगडा न झालेल्या भौमितिक रचना असे विषय त्यांत येतात. राजापूर तालुक्यातील कशेळी येथील हत्ती सुमारे १८ मी. लांबीचा असून त्याच्या आकृतीतच इतर अनेक प्राणी कोरले आहेत. बारसू येथे दोन वाघांच्या मध्ये उभी मनुष्याकृती आहे, तर देवीहसोळ येथे आर्यादुर्गा मंदिराजवळ चौकोनी भौमितिक रचना आहे. उक्षी, जांभरुण, रुंढे तळी, देवाचे गोठणे आणि मालवण तालुक्यातील कुडोपी ही इतर महत्त्वाची स्थळे होत. गोव्यात कुशावती नदीकाठच्या पणसायमळ येथील बैल व चक्रव्यूहाची आकृती याच परंपरेशी जोडली जाते. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील आठ आणि गोव्यातील एक अशा नऊ स्थळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाला.

या शिल्पांचा विचार सुट्या चित्रांचा संग्रह म्हणून होतो आणि रक्षणाची मागणीही तेवढ्यापुरतीच राहते. पुरावा मात्र वेगळे सांगतो. जांभा हा पावसाळी उष्ण हवामानात मूळ खडक झिजून तयार झालेला दगड आहे. त्यातील सिलिका पाण्याबरोबर निघून जाते आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात. पृष्ठभाग कठीण होतो, त्याखालचा थर मऊ राहतो. वरच्या कठीण सपाटीमुळे विस्तीर्ण आकृती काढता आल्या, आणि माती फारशी नसल्याने तेथे नांगर फिरला नाही म्हणून त्या टिकल्या. पण खालचा थर सहज कापता येतो व हवेत कडक होतो, म्हणूनच घरबांधणीच्या चिऱ्यांसाठी हेच सडे खोदले जातात. चित्राला आधार देणारा आणि चिरेखाणीला माल पुरवणारा दगड एकच आहे. त्यामुळे आकृतीभोवती चौकट आखून बाकीचा सडा मोकळा सोडणे हा तोडगा अपुरा ठरतो.

कालनिर्णयाचा प्रश्नही भोवतालच्या सड्याशीच येऊन थांबतो. कातळात कोरलेल्या रेषेचे वय थेट मोजणे अवघड असते, कारण जांभ्यात कार्बन पद्धतीला लागणारा सेंद्रिय अंश नसतो आणि खाचेत साचलेली माती कोरणीनंतरची असते. शेतीची दृश्ये आढळत नाहीत आणि प्राण्यांचीच रेलचेल आहे, यावरून अनेक अभ्यासक ही शिल्पे शिकार व अन्नसंकलन करणाऱ्या समाजाची मानतात. गेंड्याचे चित्र या मताला पूरक आहे, कारण गुजरातेत लांघणज येथील मध्याश्मयुगीन स्थळी गेंड्याचे हाड मिळाले आहे. तथापि सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही गेंडा आहे, म्हणून एवढ्यावरून काळ ठरत नाही. ठोस उत्तर मिळण्याची शक्यता आहे ती आसपासच्या दगडी हत्यारांत, ओढ्याकाठच्या थरांत आणि सिंधुदुर्गातील कोळोशीसारख्या गुहांच्या उत्खननात. काळ अनिश्चित असताना एवढी जमीन का राखायची, असा आक्षेप घेतला जातो. परंतु काळ सांगू शकणारे अवशेष चित्राच्या बाहेर पसरलेले आहेत. भोवताल खणून काढला तर ही अनिश्चितता कायमची होईल.

मोजकी उत्कृष्ट चित्रे कापून संग्रहालयात न्यावीत, ही सूचनाही टिकत नाही. अठरा मीटरच्या हत्तीचे तुकडे केल्यावर त्याची भव्यता उरत नाही. देवाचे गोठणे येथे मनुष्याकृतीजवळ होकायंत्राची सुई विचलित होते. हा गुण त्या जागेच्या खडकाशी निगडित आहे. दगड हलवल्यावर तो गुण तसाच राहील असे मानता येत नाही. शिवाय सडा ही सजीव परिसंस्था आहे. पावसाळ्यात उथळ डबक्यांत आणि कातळाच्या फटींत अल्पायुषी वनस्पती फुलतात; कोकण दीपकाडी ही प्रदेशनिष्ठ वनस्पती अशाच पठारांवर आढळते. सड्यावर मुरलेले पाणी उतारावरच्या झऱ्यांना व वाडीच्या विहिरींना मिळते.

सर्वांत वजनदार आक्षेप उपजीविकेचा आहे. बरेचसे सडे खाजगी मालकीचे आहेत. चिरा, आंबा, काजू यांवर कुटुंबे चालतात आणि रोजगारासाठी मुंबई गाठावी लागणाऱ्या भागात उद्योगाला नकार देणे सोपे नसते. बारसूच्या सड्यावरील नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून २०२३ मध्ये उसळलेल्या वादात ही शिल्पेही चर्चेत आली, ती याच ताणामुळे. मालकाला मोबदला न देता लादलेले संरक्षण अन्याय्य ठरेल आणि टिकणारही नाही. म्हणून बंधन सरसकट सर्व सड्यांवर नको. शिल्पे असलेला सडा, त्यावरील पाणवाटा आणि लगतचा उतार एवढा भाग एकसंध धरावा, त्याचे भाडे जमीनमालकाला मिळावे आणि देखरेख गावाकडे असावी. उक्षी येथे ग्रामस्थांच्या सहभागाने तेथील हत्तीच्या आकृतीभोवती संरक्षक कठडा उभा राहिला, त्यावरून स्थानिकांची तयारी दिसते. मात्र कठड्याबाहेरचा कातळ तेवढ्याने सुरक्षित होत नाही. २०२५ मध्ये जागतिक वारशात गेलेले मराठ्यांचे बारा किल्लेही सुट्या वास्तू म्हणून नव्हे, तर लष्करी भूप्रदेश म्हणून स्वीकारले गेले. किल्ल्याला निदान स्वतःचा तट असतो. कातळशिल्पाला सड्यापासून वेगळे अस्तित्वच नाही, म्हणून त्याच्या बाबतीत संरक्षणाचे एकक सडा हेच असले पाहिजे.