सातू आणि पेरू : तापीच्या खोऱ्यातील दोन आगंतुक

एखादे पीक एका प्रदेशात का टिकते आणि दुसरे का मागे पडते, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः जमीन व हवामान यांत शोधले जाते. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. खानदेशाच्या कृषिइतिहासातील सातू आणि पेरू ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे हा अपुरेपणा ध्यानी येतो. सातू हे भारतातील अतिप्राचीन धान्यांपैकी एक असून वेदवाङ्मयात त्यास 'यव' या नावाने मोठी प्रतिष्ठा आहे. पेरू हे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील झाड. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ते या देशात आले. असे असता भुसावळ, दीपनगर, वरणगाव या तापीकाठच्या टापूत आज पेरू हे घरचे फळ मानले जाते, आणि सातूचे शेत मात्र विरळा झाले आहे.

या दोन वनस्पतींच्या गरजा वरवर पाहता परस्परविरुद्ध आहेत. सातू हे तृणकुलातील वार्षिक पीक. पेरू हा बहुवर्षायू वृक्ष. परंतु खानदेशाच्या ऋतुचक्रात दोघांचाही आधार एकच आहे, तो म्हणजे हिवाळा. सातूची पेरणी आश्विन-कार्तिकात होते, थंडीत दाणा भरतो आणि ऊन तापण्यापूर्वी पीक खळ्यावर येते. पेरूचा मृग बहार पावसाळ्याच्या आरंभी फुलतो आणि त्याची फळे थंडीत पिकतात. तीच गोडीस व टिकाऊपणास सरस ठरतात. तापीकाठच्या प्रखर उन्हाळ्यास मात्र दोघे निरनिराळ्या रीतीने तोंड देतात. सातू त्या वेळी शेतात नसतोच. पेरू उभा असतो, पण बागाईतदार त्याचे पाणी तोडून त्यास ताण देतो व झाडाच्या या सक्तीच्या विश्रांतीचा उपयोग पुढील बहारासाठी करून घेतो. पाण्याबाबतही दोघे मितव्ययी आहेत. गव्हाच्या मानाने सातूस कमी पाळ्या पुरतात, शिवाय क्षारयुक्त जमीन सोसण्यात तृणधान्यांमध्ये तो अग्रेसर आहे. पेरूही हलकी, खडकाळ अथवा काहीशी चोपण जमीन चालवून घेतो. सारांश, केवळ गरजांचा हिशेब केला तर सातू खानदेशातून मागे पडण्याचे कारण दिसत नाही.

महाराष्ट्रात सातूचे प्राचीनत्व निर्विवाद आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे प्रमुख धान्य सातू असल्याचे दिसून आले. पूर्व जोर्वे काळात (इ. स. पू. सुमारे १४०० ते १०००) तेथील लोकांनी पुराचे पाणी वळविण्यासाठी पाट व बांध घातले होते. उत्तर जोर्वे काळात (इ. स. पू. सुमारे १००० ते ७००) हवामान अधिक शुष्क झाले, सातूचे प्रमाण घटले आणि वस्तीस शिकारीवर अधिक विसंबावे लागले. याच जोर्वे संस्कृतीची मृत्पात्रे तापीकाठी प्रकाशे व गिरणाकाठी बहाळ येथील उत्खननांत मिळाली आहेत. तेवढ्यावरून इनामगावचे पीकचित्र खानदेशास जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे. मात्र दख्खनच्या आद्य शेतकऱ्यांस सातू परिचित होता आणि त्याची भरभराट पाण्याच्या सामुदायिक व्यवस्थेशी निगडित होती, एवढे निश्चित म्हणता येते.

पुढे त्याची जागा घेतली ती ज्वारीने. ज्वारी मूळची आफ्रिकेतील, म्हणजे तीही आगंतुकच. आणि सातूचे मूळही पश्चिम आशियात आहे. अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरीत खानदेशचे मुख्य पीक ज्वारी असल्याचे नमूद आहे. काही ठिकाणी ती वर्षातून तीनदा येते आणि तिचे ताट इतके गोड असते की लोक त्यास फळातच गणतात, असे तो सांगतो. ज्वारीचे हे यश समजण्यासारखे आहे. खानदेशात 'दादर' म्हणून प्रसिद्ध असलेली रब्बी ज्वारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर, एकही पाणी न देता येते. धान्याबरोबर ती गुरांस कडबाही पुरविते. सातूच्या दाण्यास टरफल घट्ट चिकटलेले असल्याने तो सडावा लागतो. त्याच्या पिठाची पोळी गव्हासारखी लवचिक होत नाही. म्हणजे कोरडवाहू शेतात दादरने आणि ओलिताखाली गव्हाने त्याचा एकेक उपयोग हिरावून घेतला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसास तेजी आली, तेव्हा खानदेशच्या शेतीत सातूस गमावण्याजोगे फारसे उरले नसावे.

शेतातून गेलेला सातू व्यवहाराच्या इतर अंगांत मात्र टिकून राहिला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यवांचे एक अंगुल होते. चरकसंहितेने प्रमेहावर यवाचा आहार सांगितला असून वैद्यकात यवक्षार प्रसिद्ध आहे. परंतु उपयोग टिकला म्हणजे वस्तू टिकली, असे नव्हे. 'सातू' हा शब्द 'सक्तु' या संस्कृत शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ भाजलेल्या धान्याचे पीठ असा आहे. मराठीत तो धान्याचे नाव बनला. आज घरोघरी होणारे 'सातूचे पीठ' बहुधा गहू व हरभऱ्याची डाळ भाजून दळलेले असते, म्हणजे त्यात सातू असतोच असे नाही. श्रावणी सोमवारच्या शिवामुठीचा क्रम तांदूळ, तीळ, मूग, जव आणि पाचवा सोमवार आल्यास सातू असा आहे. सामान्य व्यवहारात एकाच धान्याची मानलेली ही दोन नावे येथे दोन निराळ्या मुठी ठरतात. यास्तव जुन्या कागदांत 'सातू' हा शब्द आढळताच त्या पिकाची लागवड गृहीत धरणे धोक्याचे आहे.

हाच इशारा पेरूसही लागू पडतो. पोर्तुगीज भाषेत या फळास 'गोयाबा' म्हणतात. मराठीने ते नाव उचलले नाही. 'पेरू' हे नाव नासपतीवाचक 'पेरा' या पोर्तुगीज शब्दावरून आल्याचे मानले जाते. हिंदीतील 'अमरूद' हाही मूळचा नासपतीवाचक फारसी शब्द होय. म्हणूनच फारसी ग्रंथांत तो आला तरी पेरूच अभिप्रेत आहे असे धरून चालता येत नाही. खानदेशालगतच्या गुजरातीत 'जामफळ' आणि माळवा-निमाडात 'जाम' म्हणतात; या नावांची वळणे जांभूळकुलाच्या देशी नावांशी जुळतात. नव्या फळास लोकांनी अशा रीतीने ओळखीच्या फळांची नावे दिली. त्याचे परकेपण विस्मृतीत जाण्यास याचे साह्य झाले असले पाहिजे.

शेतीच्या रचनेत मात्र पेरूने कोणाचीही जागा मागितली नाही, ही त्याच्या यशाची गुरुकिल्ली दिसते. धुळे भागात पांझरेसारख्या नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडून एका फडात एकच पीक घेतात व ती पिके आळीपाळीने बदलतात. वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या झाडास या फेरपालटात स्थान नाही. पेरू वाढला तो विहिरीच्या मळ्यात, बांधाच्या कडेस आणि परसात. धान्याशी त्याची स्पर्धाच नव्हती. नाशवंत फळास ग्राहक जवळ लागतो. १८६० नंतरच्या दशकात लोहमार्ग आल्यावर वाढलेले भुसावळ आणि पुढे दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची वसाहत, अशा पगारदार वस्त्यांनी असा ग्राहक निर्माण केला. संशोधनाचीही जोड मिळाली. पुण्याच्या गणेशखिंड येथे डॉ. चीमा यांनी १९२७ मध्ये अलाहाबाद सफेदाच्या रोपांतून निवडलेला 'लखनौ-४९' हा वाण 'सरदार' या नावाने सर्वत्र पसरला.

धार्मिक आचारातील विरोधाभास तर अधिक बोलका आहे. यव हे यज्ञातील हविर्द्रव्य. पण एकादशीस धान्य वर्ज्य असल्याने तो उपवासास चालत नाही. अमेरिकेतून आलेला पेरू फळ म्हणून निःशंकपणे चालतो. परंपरेने येथे वस्तूचे कूळ न पाहता तिचा वर्ग पाहिला.

या तुलनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, पिकाच्या गरजा कमी असणे हे त्याच्या टिकण्यास पुरेसे नाही. त्याचा उपयोग दुसऱ्या पिकास करता येऊ नये, हेही आवश्यक आहे. सातूचा प्रत्येक उपयोग वाटून घेणारे कोणी ना कोणी भेटले. हिवाळ्यात अल्प पाण्यावर ताजे फळ देणाऱ्या पेरूस तसा वाटेकरी सहज मिळाला नाही. दुसरी अशी की, देशी व परके हा भेद काळाच्या लांबीवर ठरत नाही. तीन सहस्र वर्षांची परंपरा असलेले धान्य शेतात पाहुणे होऊ शकते आणि काही शतकांपूर्वी आलेले झाड घरचे होऊ शकते. खानदेशच्या पिकांचा इतिहास लिहिताना कोणते पीक कोठून आले हे विचारून थांबता येणार नाही. ते कोणाच्या जागी उभे राहिले आणि त्याच्या जागी पुढे कोण आले, हे विचारणे अगत्याचे आहे.