पेशीविभाजन

एका पेशीपासून नव्या पेशी निर्माण होण्याच्या प्रक्रियेस पेशीविभाजन म्हणतात. केंद्रक असलेल्या सजीवांमध्ये ते मुख्यतः दोन प्रकारे होते. सूत्री विभाजनात, म्हणजे मायटॉसिसमध्ये, मूळ पेशीइतकीच गुणसूत्रे असलेल्या दोन पेशी तयार होतात. शरीराची वाढ आणि झीज भरून येणे यावर अवलंबून असते. अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे मियॉसिसमध्ये, गुणसूत्रांची संख्या निम्मी होते व त्यातून लैंगिक प्रजननासाठी लागणाऱ्या पेशी मिळतात. नाशिक जिल्ह्यातील कांदा आणि द्राक्ष या दोन प्रमुख पिकांमध्ये या दोन्ही प्रकारांतील फरक फार स्पष्ट दिसतो.

इतिहास

प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच उत्पन्न होते, हे तत्त्व रुडॉल्फ विरखो यांनी १८५५ मध्ये मांडले. वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या डिंभांतील पेशी रंगवून गुणसूत्रांची हालचाल पाहिली आणि १८८२ मध्ये तिला मायटॉसिस हे नाव दिले. पुढल्याच वर्षी एडुआर्ड व्हान बेनेडेन यांना जंताच्या अंड्यात गुणसूत्रे निम्मी झालेली आढळली. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे मात्र १९५६ पर्यंत निश्चित झाले नव्हते.

सूत्री विभाजन

शाळा-महाविद्यालयांत सूत्री विभाजन पाहण्यासाठी बहुधा कांद्याच्या मुळाचे टोक वापरतात. त्यासाठी नाशिक रोडच्या भाजीबाजारातला कोणताही कांदा चालतो. त्याचा तळ काही दिवस पाण्याला टेकवून ठेवला की पांढरी मुळे फुटतात. टोकाचे एक-दोन मिलिमीटर कापून ते अल्कोहोल व ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवतात, सौम्य आम्लात मऊ करतात आणि ॲसिटोकार्मिनने रंगवून काचपट्टीवर दाबून पसरवतात. कांद्याची गुणसूत्रे अवघी १६ आणि आकाराने मोठी असल्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ती ओळखता येतात.

दृष्टिक्षेत्रातील बहुसंख्य पेशी मात्र विभागताना दिसत नाहीत. त्या आंतरावस्थेत असतात आणि याच काळात डीएनएची दुसरी प्रत तयार होते. त्यानंतर पूर्वावस्थेत गुणसूत्रे आखूड व जाड होतात. मध्यावस्थेत ती पेशीच्या मध्यावर रांगेत येतात. पश्चावस्थेत तर्कुतंतू प्रत्येक गुणसूत्राचे दोन भाग विरुद्ध टोकांकडे ओढतात, तर अंत्यावस्थेत दोन्ही संचांभोवती नवे केंद्रकावरण तयार होते. शेवटी पेशीद्रव्य विभागले जाते. वनस्पतींमध्ये मधोमध नवी भिंत बांधली जाते. प्राणिपेशी मात्र कमरेला आवळल्यासारखी चिमटत जाऊन दुभंगते.

द्राक्षवेलीची लागवड बियांपासून न करता कलमांपासून केली जाते. थॉम्पसन सीडलेस या वाणाच्या सगळ्या वेली एकाच मूळ वेलीच्या सूत्री विभाजनातून वाढलेल्या मानाव्या लागतात, मग ती बाग निफाडची असो वा कॅलिफोर्नियाची. प्रत तयार होताना क्वचित एखाद्या कोंबातील पेशीत बदल होतो आणि ती फांदी वेगळी फळे देऊ लागते. सांगली जिल्ह्यातील बोरगावची तास-ए-गणेश आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नजची सोनाका या जाती थॉम्पसनमधील अशाच बदलांतून निवडल्या गेल्या. शेतकऱ्यांच्या चाणाक्ष नजरेशिवाय या फांद्या छाटणीतच गेल्या असत्या.

फळाच्या वाढीतही हीच प्रक्रिया दिसते. मण्यातील पेशींची संख्या मुख्यतः फुलोऱ्यापूर्वी आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत वाढते; पुढची फुगवण बहुतांशी असलेल्या पेशी मोठ्या होण्याने होते. बागायतदार घड बुडवण्यासाठी जे जिबरेलिक आम्ल, म्हणजे बोलीतले ‘जीए’, वापरतात त्याची वेळ म्हणूनच इतकी काटेकोर असते.

अर्धसूत्री विभाजन

कांद्याला डोंगळे येतात तेव्हा फुलांच्या परागकोशांत अर्धसूत्री विभाजन घडते. डीएनएची प्रत एकदाच होते, पण विभाजने लागोपाठ दोन होतात. पहिल्या विभाजनात मातेकडून व पित्याकडून आलेली समजातीय गुणसूत्रे जोडीने जवळ येतात, आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात आणि मग विलग होतात. दुसरे विभाजन सूत्री विभाजनासारखेच असते. एका पेशीपासून प्रत्येकी आठ गुणसूत्रांचे चार परागकण मिळतात. पराग व अंडपेशी एकत्र आल्यावर संख्या पुन्हा १६ होते.

अदलाबदलीमुळे प्रत्येक बी जनुकीयदृष्ट्या थोडे निराळे असते. त्यात कांद्याचे परागीभवन मधमाश्यांमार्फत होत असल्याने, पिंपळगाव बसवंत येथे विकसित झालेल्या बसवंत ७८० सारख्या वाणाचे बियाणे शुद्ध राखायचे तर बीजोत्पादनाचे क्षेत्र इतर कांद्यांपासून दूर ठेवावे लागते. द्राक्षाच्या कलमांबाबत ही अडचण उद्भवत नाही.

बिनबियांच्या फळांत अर्धसूत्री विभाजन होतच नाही, हा समज सरसकट बरोबर नाही. थॉम्पसन सीडलेसमध्ये फलन होते, पण भ्रूणाची वाढ लवकरच थांबते आणि बीजाचा केवळ मऊ अवशेष उरतो. जळगावच्या केळीची गोष्ट निराळी आहे. ग्रँड नैन वाणात गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात. तिघांच्या समान जोड्या लागत नसल्याने विभाजन विस्कळीत होते आणि कार्यक्षम बीजपेशी जवळजवळ तयारच होत नाहीत. सर्व झाडे जनुकीयदृष्ट्या सारखी असल्यामुळे एखादा रोग संपूर्ण बागेला एकदम ग्रासू शकतो.

विभाजनातील दोष व औषधे

मानवी स्त्रीच्या अंडपेशींचे अर्धसूत्री विभाजन तिच्या जन्मापूर्वीच सुरू होते, मध्येच थांबते आणि अनेक वर्षांनी अंडोत्सर्गाच्या वेळी पुढे सरकते. या दीर्घ खंडानंतर गुणसूत्रे नीट विलग न होण्याची शक्यता वयानुसार वाढते. २१ व्या गुणसूत्राची एक जास्तीची प्रत आली की डाउन सिंड्रोम उद्भवतो. हे कारण १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. सूत्री विभाजनावरील नियंत्रण सुटल्यास कर्करोगाची गाठ वाढू शकते.

तर्कुतंतू घडू न देणारी काही द्रव्ये महाराष्ट्रातील परिचित वनस्पतींत आढळतात. अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन मिळतात; यांपैकी पहिले लहान मुलांच्या रक्तकर्करोगावर दीर्घकाळ वापरात आहे. कर्कपेशींप्रमाणेच केसांच्या मुळांतील पेशीही वेगाने विभागत असल्याने अशा उपचारांत केस गळतात. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीत कोल्चिसीन असते. ते पोटात गेल्यास विषबाधा होऊन जीव जाऊ शकतो. वनस्पती-प्रजननात मात्र गुणसूत्रांचे संच दुप्पट करण्यासाठी त्याचा उपयोग करतात.