कुठली रामवाडी?

आज आपण गावाच्या नावाबद्दल बोलू.

रामवाडी म्हटलं की पेणच्या बायकांना एक गाव आठवतं, रोह्याच्या बायकांना दुसरं. पुण्याच्या रामवाडीला तर २०२४ पासून मेट्रो जाते. वाशी म्हटलं की बाहेरच्या माणसाला नवी मुंबईच दिसते, आपल्या पेण तालुक्यातली वाशी त्याला ठाऊक नसते. नागाव अलिबागला आहे, तसं उरणलाही आहे. नाव एक आणि गावं अनेक, हे आपल्याकडे जुनंच आहे.

आपल्या बोलण्यात यानं काही अडत नाही. सून कुठली विचारलं, तर नुसतं ‘रामवाडीची’ असं कुणी सांगत नाही. ‘पेणच्या रामवाडीची’ असं सांगतात. गावाच्या आधी तालुका लावला की काम झालं. घोळ सुरू होतो तो कागदावर, आणि त्यातही नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं की जास्त.

आपल्याच जिल्ह्याचं बघा. १९८१ साली रायगड हे नाव मिळालं. त्याआधी हा कुलाबा जिल्हा होता. अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं, त्यावरून हे नाव आलं. पण मुंबईतही कुलाबा आहेच. मराठीत दोन्ही सारखेच. इंग्रजांनी मुंबईचा कुलाबा ‘सी’ने लिहिला आणि आपल्या जिल्ह्याचा ‘के’ने. १८८३ साली सरकारने या जिल्ह्याची माहिती देणारा जाडजूड ग्रंथ, म्हणजे गॅझेटियर, छापला, त्यावरही ‘के’च आहे. एका नावाची अशी दोन स्पेलिंगं झाली.

हे असं का व्हायचं? सुरुवातीला साहेबाच्या कानाला जसं ऐकू येईल तसं तो लिहायचा. पुढे १८७०च्या सुमारास हंटर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्पेलिंगचे नियम बसवले, तरी रूढ झालेली कितीतरी नावं तशीच राहिली. शिवाय आपला ‘ण’ आणि ‘ळ’ इंग्रजीत नाहीतच. म्हणून पेण इंग्रजीत लिहिलं की ते लिहायचं पेन होऊन बसतं! वाडी लिहिताना कुणी ‘डब्ल्यू’ घालतं, कुणी ‘व्ही’. अलिबागमध्ये कुणी ‘यू’ घालतं, कुणी गाळतं.

चीनमध्ये याच्या उलट झालं. तिथे सूचौ नावाची दोन शहरं आहेत. एक शांघायजवळचं, रेशमासाठी प्रसिद्ध, आणि दुसरं आन्हुई प्रांतातलं. चिनी लिपीत दोघांची अक्षरं वेगळी, म्हणून वाचणाऱ्याची गफलत होत नाही. पण १९५८ साली चीनने ठरवलेल्या पद्धतीने ती इंग्रजी अक्षरांत लिहिली, की दोघांचं स्पेलिंग एकच. शान्शी नावाच्या दोन शेजारी प्रांतांचंही तसंच. त्यांचा उच्चार फक्त आवाजाच्या चढउताराने वेगळा होतो, आणि तो चढउतार इंग्रजी अक्षरांत दिसत नाही. शेवटी एका प्रांताच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त घातला, तेव्हा कुठे फरक कळू लागला.

नावाच्या घोळात इतिहासही हरवू शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला तो आपल्या महाडला. त्याआधी २१ आणि २२ मार्च १९२० रोजी त्यांच्या अध्यक्षतेखाली माणगाव परिषद झाली, तिला राजर्षी शाहू महाराज आले होते. महाडशेजारीच आपलं माणगाव आहे, त्यामुळे परिषदही इथलीच असं सहज वाटतं. पण ती झाली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला. मुलांना सांगताना तालुका सांगितला नाही, तर एका गावाचा मान दुसऱ्याला जातो.

टपालखात्याने या घोळावर उपाय काढला तो आकड्यांचा. एकसारखी गावांची नावं आणि वेगवेगळ्या भाषांतले पत्ते यांमुळे पत्रं भलतीकडे जायची. तेव्हा श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने पिनकोड आखला. ते संस्कृतचे कवीही होते. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. पेणचा ४०२१०७, रोह्याचा ४०२१०९. पहिल्या आकड्यावरून देशाचा विभाग कळतो, पहिल्या तिनांवरून टपालाचा जिल्हा आणि शेवटच्या तिनांवरून पोस्ट ऑफिस. पुण्याचा पिन ४११ने सुरू होतो, म्हणून तिथल्या रामवाडीचं पत्र आपल्याकडे येत नाही.

नीट पाहिलं तर ‘पेणच्या रामवाडीची’ या बोलण्यात आणि पिनकोडात रीत एकच आहे. आधी मोठा मुलूख सांगायचा, मग त्यातलं गाव. शाळा न शिकलेल्या आपल्या आज्यांना ती ठाऊक होती.

म्हणून बचतगटाच्या बैठकीत एक काम करू या. प्रत्येकीने आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि रेशनकार्ड आणायचं. तिन्हींवर गावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच आहे का, तालुका आणि पिन बरोबर आहेत का, ते ताडून पाहायचं. लग्नानंतर आपला पत्ता माहेरच्या गावाहून सासरच्या गावी जातो, म्हणून हे आपण जास्तच जपायला हवं. जिला वाचता येत नाही तिला शेजारणीने वाचून दाखवावं. आणि फॉर्म भरणाऱ्याने नुसतं ‘रामवाडी’ लिहिलं, तर त्याला तिथंच थांबवायचं आणि पुढे तालुकाही लिहायला लावायचा.