कामाचा जाच आणि विनोदाची दिशा

मराठी विनोदमीमांसेने हसू का येते याची चर्चा पुष्कळ केली. न. चिं. केळकरांची ‘हास्यविनोदमीमांसा’ (१९३७) हे त्याचे ठळक उदाहरण. पण कामाने गांजलेला माणूस नेमका कोणाला हसतो, हा प्रश्न या चर्चेत दुय्यमच राहिला. वस्तुतः आधुनिक मराठी विनोदाचा आरंभच पोटापाण्याच्या व्यवसायातून झालेला दिसतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करीत आणि त्यांचा पहिला विनोदी लेख ‘साक्षीदार’ (१९०२) हा होता. कचेरीतल्या कंटाळ्याला त्यांनी वाङ्मयीन रूप दिले, हे श्रेय निर्विवाद आहे. तथापि हास्यविषय म्हणून त्यांनी निवडला तो न्यायासनावरचा अधिकारी नव्हे, हे नजरेआड करता येत नाही.

चिं. वि. जोशी यांनी ही दिशा फिरवली. बडोद्यास पालीचे अध्यापन आणि पुढे राजदप्तराचा कारभार सांभाळणाऱ्या या लेखकाचा चिमणराव स्वतःच निवेदक आहे आणि स्वतःच हास्यविषयही. सोमवारी फाशीकडे नेला जाणारा कैदी आठवड्याच्या आरंभाचे कौतुक करतो, हे फ्रॉइडने १९२७ मध्ये दिलेले उदाहरण येथे आठवते. परिस्थिती बदलत नाही. तिच्यापुढे मान तुकवण्यास तेवढा नकार मिळतो. मध्यमवर्गीय कारकुनाला तेवढे पुरले.

राजुऱ्याकडून पाहता मात्र हा इतिहास अपुरा वाटतो. निजामी राजवटीतला हा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबादेत, नंतर नांदेडात आणि १९५९ पासून चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात. जिल्ह्याची कचेरी बदलली, हेलपाटे राहिलेच! पूर्वेकडच्या धानाच्या झाडीपट्टीत शेतकरी-मजुरांनी खडी गंमत व दंडार रात्र रात्र जागवली. त्यांतील हजरजबाबी संवादांत गावचा बडा माणूस समोर बसलेला असतानाच चिमटे बसतात. हा उपहास वरच्या दिशेने जातो, म्हणून त्यात जोखीम आहे. केवळ विरेचन म्हणून त्याची बोळवण करणे अन्यायाचे होईल.

सास्तीच्या कोळसा खाणीतून पाळी संपवून परतणाऱ्यांच्या बोलण्यातही साहेबाची नक्कल ऐकू येते. ती संहिता होत नाही; साहेब दिसताच थांबते आणि तो वळला की पुन्हा सुरू होते. वाङ्मयेतिहासाने अद्याप मोजली ती फक्त छापलेली थट्टा.